मासे शोधणारं ॲप मासे शोधतच नाही!

मी जासईचा. समुद्राशी माझं नातं ताटातल्या बांगड्यापुरतं. पण करंजाला माझा मावसभाऊ बोटीवर तांडेल आहे आणि फोनमधलं काही अडलं की तो मलाच विचारतो. जानेवारीत त्याने व्हॉट्सॲपवर आलेला एक स्क्रीनशॉट पाठवला. नकाशावर समुद्रात वाकड्यातिकड्या रेघा. खाली प्रश्न: 'इथं मासे आहेत का? डिझेल टाकून जाऊ का?'

या रेघा हैदराबादची 'इन्कॉईस' ही सरकारी संस्था काढते. त्यांना 'संभाव्य मत्स्य क्षेत्र' म्हणतात. यातला 'संभाव्य' हा शब्द सगळेच विसरतात. उपग्रहाला मासा दिसत नाही. त्याला दिसतं पृष्ठभागाचं तापमान आणि पाण्याचा रंग (रंग बघणारा आपला ओशनसॅट-3 नोव्हेंबर 2022 मध्ये सुटला). थंड आणि कोमट पाणी जिथे एकमेकांना भिडतं तिथे शेताच्या बांधासारखी सीमा तयार होते. तिला फ्रंट म्हणतात. बांधाला जसा पालापाचोळा अडकतो, तसं इथे सूक्ष्म वनस्पती-प्लवक साचतं. ते खायला बारीक जीव येतात, त्यांच्यामागे मासे.

आता खरी गंमत. हा बांध वर्षभर एका जागी नसतो.

डिसेंबर ते फेब्रुवारी उत्तरेकडून कोरडा, गार वारा येतो. गुजरात-महाराष्ट्रासमोरचं वरचं पाणी थंड होऊन जड होतं, खाली बसतं आणि खालचं पोषक पाणी वर येतं. त्यामुळे आपल्याकडे या रेघा हिवाळ्यात ठळक असतात. एप्रिल-मेच्या उन्हात पृष्ठभाग सगळीकडे सारखाच तापतो, मग रेघा पुसट होतात. केरळ-कर्नाटकात उलटं: तिथे पावसाळी वाऱ्यांमुळे किनाऱ्यालगतच थंड पाणी वर येतं. पण पावसाळ्यात ढगांमुळे उपग्रहाला तापमान नीट मोजता येत नाही आणि आपल्याकडे 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंदच असते.

जागेचाही फरक आहे. समुद्राचा उथळ तळ, म्हणजे खंडमंच, मुंबईसमोर साधारण 300 किलोमीटर पसरलाय. दक्षिणेकडे तो बराच अरुंद होतो. त्यामुळे केरळच्या बोटीला मंचाच्या कडेचा फ्रंट जवळ पडतो. आपल्याला तिथवर जायचं तर डिझेलचा हिशेब आधी. आणि डोलीने बोंबील धरणाऱ्याला या रेघेचा फारसा उपयोग नाही, हे माझं स्पष्ट मत. त्याचं जाळं एका जागी बांधलेलं, भरती-ओहोटीवर चालणारं. रेघ कामाची आहे ती बांगडा, तारली अशा वरच्या पाण्यातल्या माशांसाठी.

मी भावाला फोन करून पहिलं विचारलं, "दादा, स्क्रीनशॉटवर तारीख कुठली?"

चार दिवसांपूर्वीची होती. फ्रंट प्रवाहाबरोबर सरकतो, त्यामुळे जुना सल्ला शिळ्या मासळीसारखाच. मग इन्कॉईसच्या साइटवर त्या दिवसाचा सल्ला उघडला. त्यात बंदरापासूनची दिशा, अंतर आणि खोली, सगळं मराठीतच मिळतं. रेघ बरीच दक्षिणेला गेली होती.

"एवढ्या लांब परवडत नाय," तो म्हणाला आणि त्या फेरीला नेहमीच्याच जागी गेला.