शेजारच्या ताटात घरचे फ्रूट पाय

दिवाळीच्या पहिल्या दिवशी सकाळी शेजारच्या काकूंचे ताट येते. आमच्या मेढ्यातल्या गल्लीची ही जुनी रीत आहे. क्रोशाच्या रुमालाखाली चकल्या, करंज्या, शंकरपाळी आणि एका वाटीत चिवडा. ईदला आमच्याकडून शीरखुर्मा जातो, दिवाळीला तिकडून फराळ येतो. दोन्ही घरांत एक नियम सारखाच आहे, आलेले भांडे रिकामे परत द्यायचे नाही. हाताशी काहीच नसेल तर मूठभर साखर तरी घालायची.

तीन वर्षांपूर्वी मी अशीच साखर घातली. ताट घेऊन निघालेला माझा धाकटा दारातच थांबला. तेव्हा तो चौथीत होता. म्हणाला, "अम्मी, काकूंनी चार दिवस राबून फराळ केला आणि आपण नुसती साखर द्यायची?" वर्गात चाळीस मुलांच्या प्रश्नांना उत्तरे देणारी मी त्या एका प्रश्नाला गप्प झाले. पोराचे म्हणणे खरे होते. साखर घालून रीत पाळली जात होती, पण त्यात आमच्या हातचे काही नव्हते.

आता द्यायचे काय? शीरखुर्मा ईदचा. दुकानची मिठाई महाग, शिवाय तीही विकतचीच. काकूंच्या सासूबाई, आमच्या आजी, माळकरी. अंडे, मांस त्यांच्या घरात शिरत नाही. म्हणजे अंड्याचा केक बाद. नानखटाई त्या स्वतःच सुरेख करतात. माझ्या लहानपणी ईदच्या आधी अम्मी पिठाचा डबा घेऊन बेकरीच्या भट्टीवर जायची, आणि दिवाळीच्या आधी त्याच भट्टीपुढे शेजारच्या बायका डबे घेऊन नंबर लावायच्या. पत्रे त्यांचे आणि आमचे एकाच भट्टीत शेकले जात.

मोठ्या मुलीने तोडगा काढला. घरात सफरचंदे होती, पेरू होते. ती म्हणाली, "अम्मी, फ्रूट पाय करूया. छोटे छोटे, प्रत्येकाचा वेगळा." सासूबाईंनी एवढेच ऐकले आणि त्या म्हणाल्या, "पाये करायचेत तर आधी बाजारात सांगून ठेवा, ते शिजायला रात्र जाते. आणि आजींकडे पाये कसे पाठवणार?" हसून हसून पुरेवाट झाली. तेव्हापासून आमच्याकडे या पदार्थाला 'फळांची वाटी' म्हणतात.

करंजीची लांबची बहीण

पाय म्हणजे काय, तर कणकेच्या पारीत सारण भरून भट्टीत भाजलेला पदार्थ. पारीत सारण भरायची कल्पना आपल्याला नवी नाही. बगदादमध्ये १२२६ साली लिहिलेल्या अल-बगदादी यांच्या पाकशास्त्राच्या ग्रंथात संबूसकची कृती आहे. आपला समोसा त्याच घराण्यातला. करंजीही तशीच. पाय तळत नाहीत, भाजतात, एवढाच फरक.

एक फरक मात्र हाताला शिकवावा लागतो. करंजीच्या पिठाला आपण कडकडीत मोहन घालतो. पायच्या पिठाला मोहन थंडगार हवे. लोण्याचे बारीक तुकडे पिठात तसेच राहिले, तर भाजताना ते वितळतात, त्यांच्या जागी पोकळी राहते आणि पारी पापुद्र्यांची, खुसखुशीत होते. हाताच्या उबेने लोणी आधीच वितळले तर पारी दगडासारखी होते. माझा पहिला घाणा तसाच झाला होता. धाकट्याने तो मुकाट्याने खाल्ला, हे त्याचे मोठेपण.

त्यांची अट, आमची अट

आजींसाठी अंडे नको, जिलेटिन नको. आपल्यालाही जनावराची चरबी, कशापासून केले ते ठाऊक नसलेले जिलेटिन आणि मद्यार्कातला इसेन्स नकोच असतो. भगिनींनो, इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. पाकिटावरचा हिरवा ठिपका पदार्थ शाकाहारी आहे एवढेच सांगतो. इसेन्समध्ये अल्कोहोल आहे की नाही, हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी बाटलीवरची बारीक अक्षरे वाचावी लागतात. मी तो प्रश्नच ठेवला नाही. इसेन्सऐवजी दालचिनी आणि वेलदोडा घातला, आणि अंड्याऐवजी वरून दुधाचा हात फिरवला. मैदा, लोणी, फळ, साखर. दोन्ही घरांच्या अटी एकाच पिठात बसल्या.

भांड्यांचाही विचार केला. आमच्या स्वयंपाकघरात मटण शिजते, हे आजींना ठाऊक आहे. म्हणून बारा नव्या स्टीलच्या वाट्या आणल्या आणि त्या वेगळ्या ठेवल्या. मग थेट जाऊन विचारले, "आजी, आमच्या घरचे चालेल ना?" त्या म्हणाल्या, "बाई, विचारलंस तिथंच चाललं."

कोणते फळ, कसे

पाऊस सरला की आपल्याकडे फळांची चंगळ असते. काश्मीर आणि हिमाचलची सफरचंदे साताऱ्याच्या बाजारातून मेढ्यापर्यंत येतात. अमेरिकेचे ॲपल पाय प्रसिद्ध आणि गंमत म्हणजे हिमाचलात डेलिशिअस जातीची सफरचंदे रुजवली तीही सॅम्युअल स्टोक्स या अमेरिकेतून आलेल्या गृहस्थांनी, शिमल्याजवळ कोटगढला, १९१६च्या सुमारास. पुढे ते स्वातंत्र्यलढ्यात उतरले आणि तुरुंगातही गेले. ही सफरचंदे गोड पण मऊ असतात, म्हणून त्यांना लिंबाचा आंबटपणा लागतो आणि शिजवताना फोडी मोडू द्यायच्या नसतात.

पेरू मला अधिक आवडतो. स्वस्त, सुवासिक, आणि त्यात पेक्टिन भरपूर असल्याने सारण आपोआप दाट होते. अर्धवट पिकलेला घ्यावा. मधला बियांचा गर थोड्या पाण्यात शिजवून चाळणीतून गाळावा आणि तो फोडींत मिसळावा.

सीताफळ मात्र भट्टीत घालू नका. त्याचा गर तापला की कडवट होतो. मी एकदा केले आणि सगळे फेकावे लागले. पायच्या रिकाम्या पाऱ्या भाजून, गार करून, त्यात थंड सायीत कालवलेला सीताफळाचा गर भरला तर उत्तम. बी एकही राहू देऊ नये. स्ट्रॉबेरीची घाई नको. २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालेली महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी थंडी पडली की येतेच.

साहित्य (१२ लहान पायसाठी)

पारीसाठी: मैदा ३०० ग्रॅम (निम्मी गव्हाची कणीक चालेल, पारी थोडी जाडसर लागते), थंड लोणी १५० ग्रॅम, पिठीसाखर १ मोठा चमचा, चिमूटभर मीठ (लोणी खारे असेल तर नको), बर्फाचे पाणी ५ ते ६ मोठे चमचे.

सारणासाठी: सफरचंदे किंवा पेरू ७०० ग्रॅम, साखर किंवा किसलेला गूळ १०० ग्रॅम, एका लिंबाचा रस, दालचिनी पूड १ लहान चमचा, दोन लवंगांची पूड, कॉर्नफ्लोअर दीड मोठा चमचा. शिवाय बेकरीचे दोन टोस्ट कुटून.

कृती

मैदा, मीठ, पिठीसाखर चाळून घ्या. लोण्याचे बारीक तुकडे करून पिठात टाका आणि बोटांच्या टोकांनी चोळा, तळव्याने नको. पीठ रव्यासारखे दिसू लागले आणि मुठीत दाबल्यावर मूठ वळली की थांबा. चमचा चमचा पाणी घालत गोळा जेमतेम एकत्र करा. पोळीच्या कणकेसारखे मळायचे नाही. झाकून फ्रिजमध्ये अर्धा तास ठेवा.

तोवर फळांच्या बारीक फोडी, साखर आणि लिंबाचा रस मंद आचेवर ठेवा. फळाला पाणी सुटेल, ते बरेचसे आटू द्या. कॉर्नफ्लोअर दोन चमचे पाण्यात कालवून घाला आणि दाट झाल्यावर उतरवा. दालचिनी, लवंग शेवटी. सारण पूर्ण गार झाल्याशिवाय भरू नका. गरम सारण पारीतले लोणी वितळवते.

वाट्यांना लोण्याचा हात लावा. पिठाच्या दोन तृतीयांश भागाच्या १२ लाट्या करून पारी लाटा आणि वाटीत अलगद बसवा. तळाला काट्याने टोचे मारा, टोस्टचा चमचाभर चुरा पसरा. फळाचा रस तो पितो आणि तळ कच्चट राहत नाही. सारण काठाच्या थोडे खाली राहील एवढेच भरा. उरलेले पीठ लाटून करंजीच्या कातणाने पट्ट्या कापा आणि वर जाळीसारख्या आडव्या-उभ्या लावा. जाळीतून वाफ निघून जाते. वरून दूध लावा.

ओव्हन असेल तर १८० अंशांवर आधी तापवून ३० ते ३५ मिनिटे. नसेल तर जाड बुडाच्या जुन्या कढईत बोटभर मिठाचा थर, त्यावर स्टँड, वर घट्ट झाकण, आणि १५ मिनिटे मध्यम आचेवर तापवून मग स्टँडवर ताटलीत वाट्या ठेवा. आच थोडी कमी करून ४० ते ४५ मिनिटे लागतात. नॉनस्टिक कढई वापरू नका. कढईत वरचा रंग फिकट राहतो, त्याने चव कमी होत नाही. काठ वाटीपासून सुटू लागला की झाले. गार झाल्यावरच काढा. फ्रिजमध्ये दोन दिवस छान राहतात, खाताना तव्यावर झाकून गरम करावेत.

प्रत्येकाचा वेगळा

मोठा पाय कापला की कुणाला कोपरा, कुणाला चुरा. लहानांत तंटा नाही. आमच्या अब्बांना, म्हणजे सासऱ्यांना, मधुमेह आहे. गोडाचे ताट फिरले की ते उठून अंगणात जायचे. आता सारण शिजवताना साखर घालण्याआधी एका पायपुरते बाजूला काढते आणि त्या पायवर पिठाचे छोटे 'अ' लावते. पण साखर घातली नाही म्हणजे रक्तातली साखर वाढणार नाही, असे नव्हे. मैदाही साखरच वाढवतो, फळही. म्हणून डॉक्टरांना विचारून, जेवणातली एक पोळी कमी करून, अर्धाच. उरलेला अर्धा धाकट्याचा. अब्बा आता अंगणात जात नाहीत.

त्या वर्षी भाऊबीजेला गल्लीत चार ताटे गेली. आजींना मात्र मी कार्तिकी एकादशीच्या दिवशी आणखी एक पाय पाठवला, हे माझे अज्ञान. त्यांचा उपवास होता. त्यांनी तो झाकून ठेवला, द्वादशीला खाल्ला आणि नातीकडून वाटी परत पाठवली. वाटीत साखर नव्हती, तिळाचे दोन लाडू होते. आता दिवाळीच्या सुट्टीत ती नात आमच्याकडे पाय शिकते आणि माझी मुलगी काकूंकडे करंजीला कातण फिरवायला जाते.

चारही घरांचे असे झाले, असे सांगणार नाही. गल्लीतल्या एका घराचे ताट दोन वर्षांपासून येत नाही. कारण कुणी सांगितले नाही, आम्हीही विचारले नाही. गेल्या दिवाळीला त्यांच्याकडेही चार पाय पाठवले. ताट दारातच घेतले गेले आणि संध्याकाळी परत आले. स्वच्छ धुतलेले, पुसलेले, रिकामे.

धाकटा ते हातात धरून बराच वेळ उभा होता. मग म्हणाला, "पाय खाल्ले तर असतील ना?" मी म्हटले, "खाल्लेच असतील." यंदा पेरूचे करणार आहोत. त्या घरातल्या लेकरांना पेरू आवडतो. इन्शाअल्लाह, चार पाय पुन्हा त्यांच्याकडे जातील.