कबुतरांची परीक्षा

अर्थ न कळता घोकलेले म्हणून दाखविण्यास मराठीत पोपटपंची म्हणतात. परंतु पाठांतर कोठे संपते आणि आकलन कोठे सुरू होते, या जुन्या प्रश्नावर खरा प्रकाश पडला आहे तो कबुतरांवरील प्रयोगांतून.

कबुतराची स्मरणशक्ती असामान्य असते. व्हॉन आणि ग्रीन या संशोधकांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात कबुतरांना छायाचित्रांच्या १६० जोड्या शिकविण्यात आल्या. जोडीतील एका चित्रावर चोच मारल्यास दाणे मिळत, दुसऱ्यावर मिळत नसत. पुढे ७३१ दिवस ती चित्रे त्यांना दाखविली नाहीत; तरीही स्मरणात लक्षणीय घट झाली नव्हती. अर्थात, हे पाठांतरच.

हार्वर्ड विद्यापीठातील हर्नस्टीन आणि लव्हलँड यांनी १९६४ मध्येच याहून अवघड कसोटी लावली होती. चित्रात माणूस असेल तरच दाणे मिळावयाचे. हा माणूस कधी झाडाआड, कधी मोटारीमागे, कधी घोळक्यात असे. एखादा रंग वा आकार ध्यानात ठेवून भागण्यासारखे नव्हते. तरीही पूर्वी न पाहिलेल्या चित्रांतील माणूस कबुतरे ओळखू लागली.

२०१५ मध्ये अमेरिकेत झालेला प्रयोग अधिक बोलका आहे. स्तनाच्या पेशीजालाच्या सूक्ष्मदर्शकीय चित्रांतून कर्करोग ओळखण्यास कबुतरे पंधरा दिवसांत शिकली. त्यांची अचूकता सुमारे ८५ टक्क्यांपर्यंत पोहोचली आणि नव्या चित्रांवरही ती टिकली. मात्र स्तनाच्या क्ष-किरण चित्रांतील संशयास्पद गाठींच्या बाबतीत निराळेच घडले. शिकविलेली चित्रे त्यांनी पाठ केली. नवी चित्रे पुढे येताच त्यांना काही उमगेना. शिकविलेल्या चित्रांवरच परीक्षा आटोपली असती, तर दोन्ही विषयांत कबुतरे उत्तीर्ण ठरली असती!

शिक्षणक्षेत्राने नेमका हाच बोध घ्यावयास हवा. तेच ते प्रश्न फिरून फिरून विचारणारी परीक्षा स्मरण आणि आकलन यांतील भेद दाखवूच शकत नाही. मग ‘अपेक्षित प्रश्न’ घोकणाऱ्या विद्यार्थ्याला दोष देण्यात काय हशील? जेथे दाणे मिळतात तेथे तो चोच मारतो. न पाहिलेला प्रश्न विचारण्याचे धाडस प्रथम प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांनी दाखविले पाहिजे.