वक्ररेषेखालील क्षेत्र आणि रंगच्छटा

ठाणे व कल्याण-डोंबिवली यांच्या लोकसंख्येचे आलेख शेजारी शेजारी काढून वक्ररेषेखालील क्षेत्र पायाशी फिकट व माथ्याशी गडद अशा रंगाने भरले, म्हणजे चित्र देखणे होते खरे. परंतु त्यातच एक प्रमाद संभवतो. २०११ च्या जनगणनेत ठाणे शहराची लोकसंख्या सुमारे १८.४ लाख, तर कल्याण-डोंबिवलीची सुमारे १२.५ लाख होती. प्रत्येक आलेखाची उंची व छटा त्याच्या स्वतःच्या शिखराशी जुळवून घेतल्यास दोन्ही आकडे सारखेच उंच व सारखेच गडद दिसतात. जवळजवळ सहा लाखांचे अंतर दृष्टीआड होते.

म्हणून दोन्ही चौकटींवर प्रथम शून्यापासून समाईक कमाल मूल्यापर्यंत एकच रंगपट पसरावा आणि मग वक्ररेषा, दोन्ही टोकांचे लंब व आधाररेषा यांनी बंदिस्त झालेल्या आकृतीबाहेरील रंग छाटून टाकावा. असे केल्याने साडेबारा लाखांची छटा दोहोंकडे एकच राहते.

याहून मूलगामी शंका क्षेत्राविषयीच आहे. पर्जन्याच्या वेगाच्या वक्राखालील क्षेत्र म्हणजे एकूण पाऊस; तेथे रंग भरणे सार्थ होय. लोकसंख्येच्या वक्राखालील क्षेत्राचे एकक मात्र ‘माणूस-वर्षे’ असे निघते, आणि ते सहसा कोणी विचारलेले नसते! अशा ठिकाणी आम्ही तरी नुसती रेषाच पसंत करू.