डोंगरांच्या सॉफ्टवेअरमध्ये काचेचा पेला

ब्राइस हे सॉफ्टवेअर १९९४ मध्ये मॅकिंटॉशवर आलं, ते डोंगर, पाणी आणि आकाश रचण्यासाठी. त्याचं नावही अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या ब्राइस कॅन्यनवरून घेतलेलं. पण टेबलावरच्या वस्तूंचं स्थिरचित्रही त्यात फार सुंदर होतं.

ब्राइसमधला डोंगर म्हणजे मुळात एक करडं चित्र: पांढरा भाग उंच, काळा खोल. त्याच करड्या छटांत पानाच्या शिरा रंगवल्या, की डोंगराऐवजी पान उठतं. आकार किलोमीटरचा की बोटाएवढा, हे बघणाऱ्याला आजूबाजूच्या वस्तूंवरूनच कळतं.

पेल्यासाठी एक दंडगोल घेऊन तो ‘धन’ करायचा, आत किंचित लहान दुसरा ठेवून तो ‘ऋण’ करायचा आणि दोघांचा गट बांधायचा. आतला भाग कोरला जातो. काचेचा अपवर्तनांक १.५ च्या आसपास ठेवा, पाण्याचा १.३३, मग पाण्यात बुडालेला चमचा आपोआप मोडल्यासारखा दिसतो.

खरी मेहनत प्रकाशाची. मूळचा सूर्य उघड्या माळरानाचा, त्याच्या सावल्या धारदार पडतात. तो बंद करून, धुकं शून्यावर आणून, एका बाजूला मऊ सावलीचा दिवा लावावा. मात्र आकाश अगदी काळं केलं तर काच मरते, कारण तिच्यात उमटायला काही उरतच नाही. म्हणून चौकटीबाहेर, कॅमेऱ्याला न दिसेल असा, एक पांढरा उजळ फलक उभा करावा. पेल्याच्या कडेवरची ती उभी चकाकी त्याचीच असते.