लुंबिनीला गेल्यावर जेवायचे कुठे?

आंबिवली, मोहने, अटाळी या आपल्या भागातून धम्मयात्रेला जाणारी कुटुंबे आता पुष्कळ आहेत. कोणी भिशीचे पैसे साठवून जातात, कोणी निवृत्तीच्या रकमेतून आईवडिलांना नेतात. २००९ साली एनआरसी कंपनी बंद पडली. तिथल्या कामगारांच्या घरांत पैशाची ओढाताण झाली, तरी एकदा लुंबिनीला डोके टेकवायचे ही इच्छा काही मेली नाही. सारनाथ, बोधगया, कुशीनगर ही स्थळे आपल्या देशात आहेत. लुंबिनी मात्र नेपाळमध्ये, म्हणजे परदेशात. आपल्यापैकी बहुतेकांचा तो पहिला आणि कदाचित शेवटचा परदेशप्रवास.

अशा यात्रेहून परतलेल्यांना आम्ही नेहमी विचारतो, "काय पाहिले?" उत्तर मिळते स्तंभाचे, मायादेवी मंदिराचे, पुष्करिणीचे. पण जरा वेळ बसले की गाडी जेवणावर येते. कुणाचे पोट बिघडलेले असते, कुणाला भाव दुप्पट लागलेला असतो, कुणी तिथल्या डाळभाताची तोंडभर स्तुती करतो. म्हणून वाटले की या सगळ्यांची मते एकत्र मांडावीत. पुढे जाणाऱ्यांना उपयोग होईल.

यात्रेकरूंचे तीन पक्ष

पहिला पक्ष म्हणतो, आपला स्वयंपाकी आपल्याबरोबर न्यावा. पन्नास माणसांची बस असेल तर दोन आचारी, पातेली, डाळ-तांदळाची पोती बरोबर घ्यावी. वडीलधाऱ्यांना आपल्या चवीचे मिळते, खर्च आधी ठरतो, मधुमेहाच्या माणसाला वेळेवर खायला मिळते. हे म्हणणे खोटे नाही. पण यात दोन अडचणी आहेत. एक म्हणजे मुक्कामावर पोहोचले की बायका आपोआप भाजी चिरायला बसतात आणि पुरुष दर्शनाला जातात. एक ताई आम्हाला म्हणाल्या, "भाऊ, मी लुंबिनीत दोन दिवस होते. त्यातला एक दिवस कांदे सोलण्यात गेला." हे ऐकून आयोजकांनी विचार करावा.

दुसरी अडचण जिवाची आहे. रेल्वेच्या डब्यात गॅस सिलिंडर किंवा स्टोव्ह नेण्यास कायद्याने बंदी आहे. २६ ऑगस्ट २०२३ रोजी तामिळनाडूत मदुराई येथे यात्रेकरूंच्या खास डब्याला आग लागली आणि नऊ जणांचा मृत्यू झाला. त्या डब्यात चोरून नेलेला सिलिंडर होता. तेव्हा "आम्ही लपवून नेतो, काही होत नाही" असे कोणी सांगितले, तर त्याच्या गटात नाव देऊ नये.

दुसरा पक्ष विहारांचा. लुंबिनीत जपानी वास्तुरचनाकार केंझो तांगे यांच्या १९७८ च्या आराखड्याप्रमाणे निरनिराळ्या देशांची विहारे उभी राहिली आहेत. मधल्या कालव्याच्या पूर्वेला थेरवादी देशांची आणि पश्चिमेला महायानी देशांची. त्यांपैकी कोरियन विहार यात्रेकरूंत प्रसिद्ध आहे, कारण तिथे राहण्याबरोबर साधे शाकाहारी जेवण मिळते. रांगेत उभे राहायचे, हवे तेवढेच वाढून घ्यायचे, शांतपणे जेवायचे आणि आपले ताट आपण घासायचे. आपल्यातील काही जणांना ते जेवण अळणी वाटले. पण एका निवृत्त कामगाराचे मत आम्हाला पटले. ते म्हणाले, "माझ्या शेजारी एक परदेशी साहेब ताट घासत होता. मी त्याला साबण दिला, त्याने मला पाणी दिले. ती भाजी कशी होती ते आता आठवत नाही." अशा ठिकाणी जागा मर्यादित असते. मोठ्या गटाने आधी विचारल्याशिवाय जाऊ नये, आणि वेळ चुकवू नये.

तिसरा पक्ष म्हणतो, तिथल्या बाजारात, तिथल्या लोकांच्या हातचे खावे. लुंबिनीच्या उद्यानाबाहेर महिलवारचा बाजार आहे. सीमेपासून चारपाच किलोमीटरवर भैरहवा शहर आहे, त्याचे नाव आता सिद्धार्थनगर. या दोन्ही ठिकाणी लहानमोठी भोजनालये आहेत. या पक्षात तरुण मंडळी जास्त, पण आम्हीही याच बाजूचे. कारण पुढे सांगतो.

ताटात काय येते

नेपाळचे रोजचे जेवण म्हणजे डाळ, भात, तरकारी. मोठ्या थाळीत मधे भाताचा ढीग, वाटीत पातळ डाळ, एक भाजी, एक पालेभाजी आणि 'अचार'. हे अचार आपल्या लोणच्यासारखे मुरवलेले असतेच असे नाही. पुष्कळदा ते टोमॅटोची किंवा मुळ्याची ताजी चटणी असते. बहुतेक साध्या भोजनालयांत डाळ, भात, भाजी पुन्हा वाढतात आणि त्याचे वेगळे पैसे घेत नाहीत. मटण-कोंबडी मात्र पुन्हा मागितली तर पैसे पडतात. पोट भरले की "पुग्यो" म्हणावे, म्हणजे पुरे. नाहीतर वाढणारा वाढतच राहतो.

काही शब्द माहीत असले म्हणजे फसगत होत नाही. 'चिया' म्हणजे चहा. 'चिउरा' म्हणजे पोहे. 'खाजा' म्हणजे नाश्ता. 'मासु' म्हणजे मटण किंवा कोणतेही मांस. 'कुखुरा' म्हणजे कोंबडी, 'खसी' म्हणजे बोकड, आणि 'बफ' म्हणजे म्हशी-रेड्याचे मांस. मोमो सर्वत्र मिळतात, ते कशाचे आहेत ते विचारून घ्यावे. 'पिरो' म्हणजे तिखट. आणि 'भट्टी' अशी पाटी दिसली तर तिथे पाव भाजत नाहीत की कपड्यांना इस्त्री करत नाहीत, तिथे दारू मिळते. पंचशील घेऊन निघालेल्या माणसाने तिथून पुढे व्हावे. आपल्या एका अनुभवी मावशींचा नियम सोपा आहे : जिथे बाया-मुले जेवताना दिसतात, तिथे बसावे.

पैशाचा आणि पाण्याचा हिशेब

नेपाळी रुपयाचा दर आपल्या रुपयाशी १९९३ पासून बांधलेला आहे. आपले १०० म्हणजे त्यांचे १६०. हिशेब डोक्यात करायचा तर नेपाळी किमतीचे आठ भाग करून पाच घ्यावेत. थाळी २४० नेपाळी असेल तर आपले १५० झाले. सीमाभागात दुकानदार 'आयसी' आणि 'एनसी' असे बोलतात. आयसी म्हणजे भारतीय, एनसी म्हणजे नेपाळी. खाण्याच्या आधी भाव विचारावा आणि तो कोणत्या रुपयात तेही विचारावे. पुष्कळ भांडणे या एका प्रश्नाने टळतात. मोठ्या हॉटेलात बिलावर १३ टक्के कर लागू शकतो, तो धरला आहे की नाही हे पाहावे. शंभराच्या नोटा जवळ ठेवाव्यात. मोठ्या भारतीय नोटांचे नियम वेळोवेळी बदलले आहेत, म्हणून ते निघण्यापूर्वी विचारून घ्यावेत. पासपोर्ट नसला तरी चालतो, पण मतदार ओळखपत्र हवेच. केवळ आधार कार्डाच्या भरवशावर जाऊ नये.

पाण्याबाबत जास्त जपावे. नेपाळच्या तराई भागात काही ठिकाणी हापशाच्या पाण्यात आर्सेनिक नावाचे विष आढळले आहे. ते उकळून जात नाही. एका दिवसाच्या पाण्याने लगेच काही होत नसले, तरी बंद बाटलीचे किंवा चांगल्या गाळणयंत्राचे पाणीच प्यावे. बाटलीचे झाकण आधी उघडलेले नाही ना, ते पाहावे. जाताना गाडीत तीस तासांहून अधिक काढायचे असतात. त्यासाठी भाकरी, शेंगदाण्याची चटणी, ठेचा, दशम्या, भाजलेले चणे उत्तम. ओल्या नारळाची चटणी आणि दह्यातले पदार्थ नेऊ नयेत. सुकट-बोंबील नेले तर घट्ट डब्यात न्यावे, शेजाऱ्याचाही विचार करावा. गोरखपूरहून सोनौली सीमा शंभरेक किलोमीटर आहे. त्या बसप्रवासाआधी पोटभर तेलकट खाऊ नये.

जेवणाची जागा हा लहान प्रश्न नाही

आता कोणी म्हणेल, तीर्थाला जाऊन खाण्याची एवढी चर्चा कशाला? पण प्रवासात कुठे जेवायचे हा प्रश्न आपल्या माणसांसाठी कधीच नुसता चवीचा नव्हता. १९०१ साली लहानगे भीमराव आपल्या भावंडांबरोबर साताऱ्याहून वडिलांकडे कोरेगावला निघाले. मसूर स्टेशनावर उतरले, बैलगाडी केली. बरोबर जेवणाचा डबा होता, पण वाटेत कोणी पाणी दिले नाही. भरल्या डब्याशेजारी मुले उपाशी झोपली. बाबासाहेबांनीच हे लिहून ठेवले आहे.

पुढे १९१३ साली ते न्यूयॉर्कला गेले. तिथे पहिल्या वसतिगृहातले जेवण त्यांना मानवेना, म्हणून त्यांनी जागा बदलली. पाहा, परदेशात त्यांची तक्रार चवीची होती. तिथे टेबलावर बसण्यापूर्वी कोणी जात विचारली नाही. १९१७ साली एवढी मोठी विद्या घेऊन ते बडोद्याला नोकरीवर आले, तेव्हा मात्र त्यांना राहायला खोली मिळेना. पारशी धर्मशाळेतून लाठ्या घेतलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढले. परदेशातल्या वर्षांत आपण अस्पृश्य आहोत हे मनातून पुसले गेले होते, असे त्यांनीच नमूद केले आहे. चवीची तक्रार करता येणे हासुद्धा माणूसपणाचा हक्क आहे, हे यावरून कळते.

नेपाळही या रोगातून सुटलेला नव्हता. तिथल्या १८५४ च्या मुलुकी ऐनात कोणाच्या हातचे पाणी चालते आणि कोणाच्या हातचे चालत नाही, याची कायद्यानेच उतरंड लावली होती. १९६३ साली ती कायद्यातून गेली. २०११ साली जातीय भेदभाव आणि अस्पृश्यता यांविरुद्ध स्वतंत्र कायदा झाला, आणि २०१५ च्या संविधानात तो हक्क मूलभूत म्हणून आला. कायदा झाला म्हणजे मनातली घाण लगेच जाते असे नाही, हे आपल्याला सांगायला नको. म्हणून कुठल्याही भोजनालयात आडनावाची किंवा जातीची चौकशी सुरू झाली, तर न भांडता उठावे आणि शेजारच्या दुकानात जावे. आपला पैसा मानाने घेणारी जागा तिथे जरूर सापडते.

आम्ही तिसऱ्या पक्षाचे का

लुंबिनीत अशोकाचा स्तंभ आहे. १८९६ साली तो पुन्हा उजेडात आला. त्यावर कोरलेले आहे की राज्याभिषेकानंतर विसाव्या वर्षी राजा स्वतः तिथे आला, आणि तथागतांचा जन्म इथे झाला म्हणून लुंबिनी गावाचा कर त्याने माफ केला, धान्याचा वाटाही आठव्या हिश्शावर आणला. म्हणजे इतका मोठा यात्रेकरू आला, तेव्हा गावकऱ्यांच्या ताटात चार घास जास्त पडले.

आज लुंबिनीच्या भोवतालच्या खेड्यांत थारू, मुसलमान, दलित, शेतमजूर अशी गरीब माणसे राहतात. १९९७ साली लुंबिनी जागतिक वारसा झाली, २०२२ साली भैरहव्याला आंतरराष्ट्रीय विमानतळ झाला. पण यात्रेकरू बसमधून उतरतात, बसच्या मागे आपल्याच पातेल्यातले जेवतात, पत्रावळी टाकतात आणि निघून जातात. गावाच्या वाट्याला पत्रावळी येतात.

म्हणून आमची सूचना अशी. दोन दिवस मुक्काम असेल तर एक वेळ विहारात जेवावे, एक वेळ बरोबरचे खावे, आणि निदान दोन वेळा महिलवारच्या बाजारात एखाद्या बाईच्या लहान भोजनालयात बसावे. पथ्याचे रुग्ण आणि लहान मुले यांच्यासाठी भात-डाळ आधी सांगून ठेवावी. घासाघीस करावी, पण गरिबाच्या दहा रुपयांसाठी आवाज चढवू नये. उठताना "मीठो थियो" म्हणावे, म्हणजे छान होते. आयोजकांनी दर माणशी खर्चात या दोन जेवणांची रक्कम आधीच धरावी, म्हणजे कुणाला जड जाणार नाही आणि आपल्या बहिणींना तिथे चूल पेटवावी लागणार नाही. त्यांनाही स्तंभासमोर निवांत बसू द्या.