काटा हलेना, पण करगोटा सैल झाला!



माझी नोकरी बरीचशी मोटारसायकलवर आणि टेबलाशी गेली. पन्नाशी उलटली आणि करगोटा पोटात रुतू लागला. म्हणून पाण्याचे डबे उचलायला लागलो. तीन महिन्यांनी पाहतो तर वजन जवळपास तेवढेच, करगोटा मात्र सैल! मंडळी म्हणाली, "काटा बिघडलाय."

काटा ठीक होता. क्विंटलभर ओले सोयाबीन आणि क्विंटलभर वाळलेले, काट्याला दोन्ही सारखेच. ओलावा पाहायला वेगळे यंत्र लागते. शरीराचेही तसेच. एक लिटर जागेत चरबी सुमारे ९०० ग्रॅम मावते, स्नायू १,०६० ग्रॅमच्या आसपास. दोन किलो चरबी झडली आणि दोन किलो स्नायू चढले तर वजन तेच, अंग आटोपशीर. चरबीचेच स्नायू होतात हा मात्र गैरसमज. एक झडते, दुसरे वेगळे वाढते. अन् पोटाचे व्यायाम केले म्हणून नेमकी पोटाचीच चरबी जात नाही.

"दिवसभर राबतो, आणखी वजने कशाला?" असे तुम्ही विचाराल. ऊसतोडीच्या माणसाला मी हे सांगणार नाही. त्याला पोटभर अन्न आणि झोप हवी. पण आता नांगरट ट्रॅक्टर करतो, विहिरीवरची मोटारही कुठे कुठे मोबाइलवरून सुरू होते. शिवाय रोज तेवढेच ओझे उचलले तर स्नायू तेवढेच राहतात. ओझे हळूहळू वाढवावे लागते.

पाच लिटर पाणी म्हणजे पाच किलो. डबा खांद्यापासून डोक्यावर दहा-बारा वेळा न्या. शेवटचे दोन जड जातील इतकेच पाणी भरा. जोडीला बैठका. आठवड्यातून दोन-तीन दिवस पुरे, मध्ये एक दिवस विसावा. दम कोंडू नका. युरियाचे पोते २०१८ पासून ५० चे ४५ किलोवर आले असले तरी सुरुवात त्याने नको! रक्तदाब किंवा हर्निया असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

भगिनींनो, याने बाया पुरुषी दिसत नाहीत. उलट उतारवयात हाडे टिकतात.

खाण्यात डाळ, दूध, अंडी असू द्या. १०० ग्रॅम शेंगदाण्यात २५ ग्रॅम प्रथिने असतात, पण तेल त्याच्या जवळजवळ दुप्पट, तेव्हा मूठभरच. एक किलो नवा स्नायू बसल्या जागी दिवसाला जेमतेम १३ उष्मांक जाळतो, म्हणजे भाकरीचा एखादा घास. तेवढ्यावर चहात जादा साखर घालू नये.

महिन्यातून एकदा, सकाळी उपाशीपोटी, बेंबीच्या वर कमरेला सुतळी लावून मोजा. पुरुषांची ९० आणि बायकांची ८० सेंटिमीटरच्या आत हवी. माझी ९६ वरून ९१ वर आली आहे.