डेंटीनची घडण : एक पक्षपाती आढावा

दातांविषयी लोकांत, आणि दुर्दैवाने दंतवैद्यांतही, जो आदर आढळतो तो सगळाच्या सगळा एनॅमलच्या पदरी पडतो. वास्तविक दाताचा बहुतांश पिंड डेंटीनचा, आणि डेंटीनचा पहिला थर पडल्याखेरीज एनॅमल घालणाऱ्या पेशी कामास हातही लावीत नाहीत. दंतांकुराच्या अवस्था वाचकांस ठाऊकच असतील, तेव्हा त्यांची उजळणी करीत नाही. गर्भाच्या सुमारे चौदाव्या आठवड्यात अंकुराच्या गाभ्यातील कडेच्या पेशी लांबट होऊन ओडोंटोब्लास्टचे, म्हणजे डेंटीन घडविणाऱ्या पेशींचे, रूप घेतात, तेथून आपला विषय सुरू होतो.

पूर्वेतिहास थोडक्यात उरकतो. लेवेनहूकने सतराव्या शतकात डेंटीनमधील नलिका पाहिल्या, रेट्झिउसने १८३७ च्या सुमारास त्यांचे साग्र वर्णन केले, आणि त्या नलिकांत ओडोंटोब्लास्टचे तंतू शिरलेले असतात हे जॉन टोम्सने १८५६ साली दाखविले. मला याहून मोलाचा वाटतो तो जॉन हंटरच्या १७७१ च्या ग्रंथातील दाखला : मंजिष्ठेच्या जातकुळीतील मॅडर डुकरांना चारले असता, त्या मुदतीत बनलेला दाताचा भाग तेवढा तांबडा होतो. दात थरावर थर चढून वाढतो, हे त्याहून उघड कशाने दिसावे?

माझा जुना हट्ट असा की, डेंटीन म्हणजे साठलेला चुना नव्हे. रक्तात कॅल्शियम पोहोचले की दात आपसूक घट्ट होतो, असे मानणारा एक पंथ आमच्या परिषदांतून अजूनही तावातावाने बोलतो. त्या मंडळींनी प्रीडेंटीनकडे कधी धडपणे पाहिले आहे काय, असा मला संशय आहे. ओडोंटोब्लास्ट प्रथम कोलॅजनची आधारद्रव्ये घालतात, आणि ती १० ते ४० मायक्रॉन रुंदीच्या पट्ट्यात खनिजाविना राहतात; हा पट्टा म्हणजेच प्रीडेंटीन. त्यांत पाकसंस्कार झाल्यावरच पट्ट्याच्या पलीकडच्या काठावर खनिजास प्रवेश मिळतो. अगदी बाहेरच्या पहिल्या थरात पेशींनी सोडलेल्या सूक्ष्म पुटिकांत स्फटिकांचा जन्म होतो. पुढे मात्र पुटिकांची गरज सरते : स्फटिक कोलॅजन-तंतूंच्या फटींत धरतात, आणि फॉस्फोफोरीनसारखी, कॅल्शियमला घट्ट बिलगणारी प्रथिने त्या कामी पडतात. फॉस्फोफोरीन ज्या जनुकातून निपजते त्यातच दोष असला, तर पुरेसे कॅल्शियम पोटात जाऊनही डेंटीन धड घडत नाही, हे त्या पंथाने ध्यानी घ्यावे.

खनिज बहुधा गोलकांच्या रूपाने वाढते, आणि गोलक एकमेकांस मिळून एकजीव होतात. जेथे ते मिळत नाहीत तेथे अंतरागोलकी डेंटीन राहते. मे मेलॅन्बीबाईंनी पहिल्या महायुद्धाच्या सुमारास ‘ड’ जीवनसत्त्वाच्या कमतरतेत वाढलेल्या कुत्र्याच्या पिल्लांचे दात तपासले, तेव्हा खनिजाची हीच उणीव दिसली. न मिळालेल्या गोलकांमधले हे अंतराळ सूक्ष्मदर्शकाखाली अवश्य पाहावे : घासलेल्या कोरड्या छेदात हवा भरल्यामुळे ते काळेभोर, नक्षीदार दिसतात, आणि नलिका त्यांतून न मोडता, न वळता सरळ पार जातात. उणीव खनिजाची, आधारद्रव्याची नव्हे. घडण आणि खनिजीभवन ही दोन निरनिराळी कामे आहेत, याचा याहून रोकडा पुरावा मला अन्यत्र मिळाला नाही.

डेंटीनला स्वतःचे दप्तरही असते. रोजी सुमारे ४ मायक्रॉनची भर पडते, तिच्या रेषा उमटतात; दुधाच्या दातांत आणि बहुधा पहिल्या कायम दाढेत जन्माच्या धक्क्याची एक ठळक रेषाही दिसते. हाडाप्रमाणे डेंटीन मोडून पुन्हा बांधले जात नसल्याने ही नोंद सहसा पुसली जात नाही.

हल्ली हे सारे पडद्यावरच्या चित्रांत पाहून परीक्षा उत्तीर्ण होता येते. दात पाण्याबरोबर सहाणेवर घासून कागदासारखा पातळ करणे, छेद काचपट्टीवर बसविताना बाल्सम घट्टच वापरणे, कारण पातळ बाल्सम पोकळ्यांत झिरपून सगळा देखावा नाहीसा करते, ही हातोटी आता फारच थोड्यांपाशी उरली आहे. दंतमहाविद्यालयांच्या चालकांस माझी अर्जवजा विनंती आहे की, पहिल्या वर्षाच्या प्रत्येक विद्यार्थ्यास फॉर्मालिनमध्ये राखलेला एक दात, एक सहाण आणि एक काचपट्टी द्यावी, आणि छेद त्याच्याच हातून करवून घ्यावा.